कोरी सोडलेली उत्तरं

आमच्या सरांच्या घरात खोडरबर नव्हता. लिहिताना चुकलं की त्या शब्दावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी बरोबर शब्द लिहायचा आणि बाजूला छोटी सही आणि तारीख. औषधांच्या कारखान्यात हा नियमच असतो. आधी काय लिहिलं होतं, कुणी बदललं, कधी बदललं, हे तपासायला येणाऱ्याला दिसलं पाहिजे. सरांच्या हाताखालचे आम्ही बाकीचे हा नियम कारखान्याच्या गेटच्या आत पाळायचो आणि संध्याकाळी बाहेर पडलो की विसरायचो. सर तो घरी घेऊन जात. वाण्याच्या यादीत तूरडाळ खोडून मूगडाळ केली तर तिथेही सही आणि तारीख. सावेडीतला त्यांचा वाणी मला एकदा म्हणाला, "तुमचे सर यादी देतात का चेक देतात, तेच कळत नाही."

हे सगळं मी आजवर हसतहसत सांगत आलो आहे. पण लिहायला बसलो आहे तर मन स्वच्छ नाही, हे आधीच सांगून टाकतो. या माणसाला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक परीक्षा द्यावी लागली, आणि ती पास कशी व्हायची हे मी त्यांना शिकवलं. ऑफिसातले लोक म्हणतात मी त्यांच्यावर उपकार केले. मला तसं म्हणवत नाही.

सरांची पत्नी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ख्रिस्ती दफनभूमीत तिच्यासाठी दगड बसवला, तेव्हा कोरणाऱ्या मिस्त्रीने जन्मसालातला शेवटचा आकडा चुकवला. मी सरांबरोबर बघायला गेलो होतो. मिस्त्री बिचारा कानकोंडा झाला.

"घासून काढतो की सर. पार गुळगुळीत करून देतो, कुनाला कळनार बी न्हाई."

"घासू नका," सर म्हणाले. "त्याच्यावर एक रेघ कोरा. वरती बरोबर आकडा घाला."

"अवो, दगडावर खाडाखोड? लोक काय म्हनतील?"

"आणि बाजूला तुमची सही."

"माझी? बाईंच्या दगडावर?" मिस्त्री माझ्याकडे वळला. "सायेब, तुमीच सांगा आता यांना."

"चूक तुमच्या हातून झाली ना? मग सही तुमचीच लागेल. उद्या कुणी विचारलं हा आकडा कुणी बदलला, तर?"

"हितं कोन इचारायला येतंय, सर!"

"कुणीही येऊ शकतं."

शेवटी मिस्त्रीने आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मला हसू आवरत नव्हतं. परत येताना स्कूटरवर मागे बसलेले सर एकदम म्हणाले, "तिला खरं तर घासलेलंच आवडलं असतं. तिला सगळं नीटनेटकं लागायचं." मग घर येईपर्यंत मला हसू आलं नाही.

आमचं काम लोकांना सांगून समजत नाही. माझे चुलते शेवगावहून बाजारसमितीच्या कामाला आले होते, त्यांना घेऊन मी एका रविवारी सरांकडे गेलो. चुलत्यांनी चहा बशीत ओतता ओतता विचारलं, "म्हंजी औषध तुमी बनवत न्हाई, इकत बी न्हाई. मग करता काय?"

सरांनी प्रश्न मनावर घेतला. "औषध कसं बनतं, त्यात काय काय घातलंय, किती महिने चांगलं राहतं, हे परदेशातल्या सरकारांना लिहून देतो. त्यांची खात्री पटली की तिथं विकायला परवानगी मिळते."

"आन लिवलेलं खरं हाय, हे कोन सांगतं?"

"मी सही करतो."

चुलत्यांनी बशी खाली ठेवली. "मंग लई बेकार नोकरी हाय तुमची," ते म्हणाले. सरांना हे इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस ते नव्या माणसांना खात्याची ओळख अशीच करून देत.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आमच्या खात्यापुढे वेगळंच काम उभं राहिलं. कारखान्याचा पत्ता प्रत्येक औषधाच्या प्रत्येक लेबलावर असतो. ज्या ज्या देशात माल जातो तिथल्या कार्यालयाला कळवायचं, की कारखाना जागेवरून हललेला नाही, गावाचं नाव तेवढं बदललं आहे. एका देशाने उलट विचारलं, नाव बदलल्याने औषधाच्या गुणवत्तेवर काही परिणाम होईल का? आम्ही टेबलावर डोकं ठेवून हसलो. सरांनी त्याला दोन पानी उत्तर लिहिलं, पुराव्यांसकट. त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो, तर फाटकावरच्या पाटीवर 'अहमदनगर'वरून एक रेघ होती, वरती 'अहिल्यानगर', आणि कोपऱ्यात सही, तारीख.

"कशावरून?" ही सरांची दुसरी सवय. कँटीनमध्ये कुणी म्हणालं, आज भाजीत मीठ जास्त आहे, की सर विचारणार, कशावरून? कालच्यापेक्षा, की तुमच्या घरच्यापेक्षा? पोरं वैतागायची. पण ह्याच शब्दापायी एकदा जुन्या मालकांशी त्यांचं वाजलं होतं. आमचं एक खोकल्याचं सिरप थंडीत गढूळ होतं का, असं एका थंड देशाच्या कार्यालयाने विचारलं. आम्ही ते कधी तपासलं नव्हतं.

"नाही होत, म्हणून लिहून टाका," मालक म्हणाले. "इतकी वर्षं बनवतोय आपण."

सरांनी लिहिलं, तपासलेलं नाही, तपासून कळवतो. परवानगी लांबली. फ्रिजमध्ये बाटल्या ठेवल्या गेल्या, सर रोज सकाळी जाऊन उजेडात धरून बघायचे. सिरप शेवटपर्यंत नितळ राहिलं. मालक जिंकल्यासारखे म्हणाले, "बघा, मी म्हणत होतोच ना?"

सर म्हणाले, "तुम्ही म्हणत होता तेव्हा ते खरं नव्हतं."

त्या मालकांनी हेही ऐकून घेतलं. पुढे त्यांनी कारखाना एका मोठ्या कंपनीला विकला, आणि नव्या लोकांनी आल्या आल्या नियम काढला. परदेशी जाणाऱ्या कागदांवर यापुढे सही करायची, तर एक आंतरराष्ट्रीय परीक्षा पास असलं पाहिजे. रेग्युलेटरी अफेअर्सचं, म्हणजे आमच्या या परवानग्यांच्या कामाचं, प्रमाणपत्र. आमच्या खात्यात ते कुणाकडेच नव्हतं. तरुण पोरांना मुदत होती. सरांना आणि मला लगेच बसायला सांगितलं. सर निवृत्तीपासून चार पावलांवर आलेले. पास झाले नाहीत तर त्यांना काढणार नव्हते. पगार तोच, खुर्ची तीच, हुद्दा 'सल्लागार'. फक्त सही बंद.

त्यांची मुलगी नाशिकला असते. तिने मला फोन केला. "काका, बाबांना तेवढं पास करून द्या. सही गेली तर ते घरी बसून वाळून जातील. आई गेल्यापासून त्यांच्याकडे दुसरं आहे काय?"

मी हो म्हणालो. त्यात काही विशेष अडचण येईल असं मला वाटलंच नव्हतं. त्या पुस्तकात जे होतं, ते सर आयुष्यभर जगत आले होते.

रविवारी ते चर्चहून आले की आम्ही त्यांच्या व्हरांड्यात बसायचो. संगणकावरची परीक्षा, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. सर पर्यायांवर तळहात ठेवून फक्त प्रश्न वाचायचे आणि उत्तर तोंडी सांगायचे. मग हात काढायचे. त्यांचं उत्तर त्याच शब्दांत तिथे नसलं की म्हणायचे, "यात नाही."

"सर, क पर्याय तेच सांगतोय."

"जवळपास तेच सांगतोय. तेच नाही."

"पण आधी हात कशाला ठेवायचा?"

"तीन चुकीच्या उत्तरांच्या रांगेत उभं केलं की बरोबर उत्तरही बावचळतं," ते म्हणाले. "आणि आपणही."

माझी पद्धत वेगळी होती. दोन पर्याय तर उघड चुकीचे असतात, ते काढायचे. उरलेल्या दोनांत जो लांबलचक, तो बहुतेक बरोबर. 'नेहमी', 'कधीच नाही' असे शब्द असले की तो टाळायचा. काहीच कळलं नाही तर डोळे मिटून एक निवडायचा आणि पुढे जायचं. सर हे सगळं एखाद्या परक्या देशाचा कायदा ऐकावा तसं ऐकून घेत. दूरच्या देशांच्या नियमांत ते कच्चे होते. तिकडे आमचा माल जात नव्हता. तिथे ते सरळ म्हणायचे, हे मला येत नाही, आणि पुढच्या प्रश्नावर जायचे.

"सर, कोरं सोडू नका. चुकलं तरी मार्क कापत नाहीत. कोरं सोडलं तरी शून्य, चुकलं तरी शून्यच."

"ती दोन शून्यं सारखी नाहीत," सर म्हणाले.

परीक्षेचं केंद्र पुण्यात होतं. ऑफिसच्या गाडीने गेलो. ड्रायव्हर घोडेगावचा, बोलका. आमचं बोलणं त्याने शिरूरपर्यंत कसंबसं ऐकून घेतलं आणि मग त्याला राहवेना.

"सर, रिकामं कशापायी सोडायचं? आमच्या लायसनच्या परीक्षेला म्या समदं अंदाजानंच ठोकलं हुतं. पास!"

"आणि गाडी?"

"गाडी येती की मला! बारा वर्साचा हुतो तवापासून ट्रॅक्टर हाकतोय."

"मग तुमचं ठीक आहे," सर म्हणाले, आणि खूप दिवसांनी मनापासून हसले.

निकाल तिथल्या तिथे मिळतो. मी पास झालो. सर थोडक्या मार्कांनी नापास झाले. त्यांनी जे प्रश्न येत नव्हते ते सगळे कोरे सोडले होते. शेवटी संगणकाने विचारलंही होतं, काही उत्तरं बाकी आहेत, तरी संपवायचं का? सरांनी हो म्हटलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट गाडीत बसल्यावर त्यांनी मला एकेक विषय सांगितला, कुठे कुठे ते कमी पडले. ती यादी त्यांना तोंडपाठ होती, आणि ती मला सांगताना ते जवळजवळ समाधानी दिसत होते.

पुन्हा बसायला एकच संधी होती. मधल्या काळात कागदांवर माझी सही जाऊ लागली. खरी गोष्ट इथून पुढची आहे. मी सरांच्या मागे लागलो, वेळी अवेळी लागलो. सरावाचे प्रश्न कागदावर छापून आणले आणि सोडवताना त्यांच्यासमोर घड्याळ ठेवलं. कोरं सोडलेल्या प्रत्येक प्रश्नावर बोट ठेवून म्हणायचो, "भरा." ते पेन्सिलीने इतका बारीक ठिपका द्यायचे की तो कागदावर आहे की नाही ते कळू नये. मी म्हणायचो, "नीट भरा, सर." पंचवीसहून जास्त वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्यांना मी पहिलीच्या पोरासारखं दटावत होतो.

तरी ते बधेनात. नव्या कंपनीचं एवढं काय घेऊन बसलात, सल्लागार तर सल्लागार, असं म्हणू लागले. तेव्हा मी शेवटचं बोललो. ठरवून बोललो नव्हतो, पण बोललो.

"सर, तुम्ही बाजूला झालात तर सही कायमची माझ्याकडे येते. मला भीती वाटते. एखादी चूक माझ्या नजरेतून निसटली तर? तुम्ही वर असलात की मला झोप लागते."

"हे आधी सांगायचं होतंत," ते म्हणाले. त्यांनी सरावाचा कागद पुढे ओढला आणि कोऱ्या राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाचं एकेक वर्तुळ गडद भरून टाकलं. प्रश्नही न वाचता.

मुलीसाठी ते बदलले नाहीत, सहीसाठीही नाहीत. मी घाबरलो होतो, म्हणून बदलले.

दुसऱ्या वेळी मी केंद्राबाहेर रस्त्यावर उभा होतो. सर आले, हातात छापील कागद. ड्रायव्हरने लांबूनच हाक मारली, "झालं का न्हाई सर?" सरांनी मान हलवली. तो पेढे आणायला धावला. मी सरांचा हात हातात घेतला. तो गार होता, आतल्या एसीमुळे असेल.

रांजणगाव मागे पडलं तसे ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "अंदाजाने दिलेल्यांतली कुठली बरोबर आली, ते कळवतात का?"

"नाही सर. फक्त पास म्हणून कळवतात."

"कधीच नाही?"

"त्याची गरज काय आता?"

"मागच्या वेळी नापास झालो, पण मला काय येतं आणि काय येत नाही ते माझ्यापाशी वेगवेगळं होतं," सर म्हणाले. "आता सगळं एकात मिसळलं."

मी म्हणालो, थकला आहात तुम्ही, झोपा थोडं. ड्रायव्हरने पेढ्यांचा पुडा मागे दिला. सरांनी एक घेतला आणि तो नगर येईपर्यंत त्यांच्या मुठीत तसाच होता.

नव्या कंपनीच्या मुख्य कार्यालयातून अभिनंदनाची मेल आली, केक कापला गेला, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र कुरियरने आलं. ते सरांनी वेष्टनातून काढलं नाही. मला वाटलं, संकोच आहे, जाईल. पण त्यांच्या टेबलावर फायली साचू लागल्या. पूर्वी ते फाइल एकदा वाचत, शंका विचारत आणि सही करत. आता शेवटच्या पानापर्यंत येत, पेनाचं टोपण काढत, आणि पुन्हा पहिल्या पानावर जात. जी माहिती त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं लिहिली होती, तिच्यासाठी प्रयोगशाळेत फोन करत. एकदा मला बोलावून एका गोळीची मुदत विचारली. ती त्यांना झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आली असती.

"सर, तुम्हाला माहीत आहे हे."

"असेल," ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मुख्य कार्यालयाला कारणांशी देणंघेणं नव्हतं. जहाजं ठरलेली असतात, माल गोदामात थांबतो. त्यांनी सरांना एकदा विचारलं, दुसऱ्यांदा जरा कडक विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत सरांनीच कळवलं, की सहीचं काम माझ्याकडे द्यावं. मला शुक्रवारी संध्याकाळी फोन आला, सोमवारपासून तुम्ही. मी शनिवार-रविवार सरांना फोन करायचं धाडस केलं नाही.

सोमवारी मी पोचलो तेव्हा सर खुर्चीतून उठून खिडकीपाशी उभे होते. टेबल पुसलेलं होतं. फायली एका बाजूला रचून ठेवल्या होत्या.

"बसा," ते म्हणाले.

"सर, मला नाही जमणार. तुम्हाला माहीत आहे मी किती घाबरतो ते."

"बसा तर."

"आणि तुमच्यापेक्षा मला काय जास्त येतं? मीही त्या परीक्षेत कितीतरी ठिकाणी अंदाजच मारला. दोन काढून टाकले, उरलेल्यातला एक धरला. तुम्ही जे केलंत, तेच मी केलं. मग माझी सही चालते आणि तुमची का नाही?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर, मला अगदी स्पष्ट आठवतं, काळजी होती, माझी काळजी.

"तुम्ही पास झालात त्या दिवशी परत येताना आपण सुप्याला थांबलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही भजी मागवलीत. मग आणखी एक प्लेट मागवलीत. घरी फोन केलात, मुलाशी चेष्टामस्करी केलीत. मी समोरच बसलो होतो. तुम्हाला कसलाही त्रास झाला नव्हता." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. तुम्हाला जमेल."

टोमणा असता, तर मी एव्हाना विसरलो असतो. ते मला धीर देत होते.

ते डबा घेऊन शेजारच्या केबिनमध्ये गेले, सल्लागाराच्या. मी बसलो. दुपारच्या चहापर्यंत टेबलावरच्या सगळ्या फायलींवर माझी सही झाली होती.